कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बदलला आणि स्क्रीन काळी?

पंखे फिरतायत ना? मग लगेच बोर्ड परत करायला दुकानात पळू नकोस. प्लग काढ आणि प्रोसेसरशेजारची ८ पिनची पॉवरची वायर बघ. २४ पिनची जाडजूड सगळेच लावतात, ही कोपऱ्यातली राहते. माझीही राहिली होती. सोलापूरच्या मे महिन्यात अर्धा दिवस घाम गाळला!

मग रॅमची एकच पट्टी ठेव. चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्यात, 'टक्' वाजेपर्यंत दाबून. शेजारी यंत्रमाग असेल तर जुन्या रॅमवर सुताचे तंतू बसलेले असतात, ते झटक. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्यातच हवी.

तरी अंधारच? बोर्ड काढून पुठ्ठ्यावर चालव. तिथे चित्र आलं, तर बहुधा कॅबिनेटमधला एखादा जादा पितळी स्टँड (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खुंटा) मागून टेकून शॉर्ट करतोय.