घरी बांधलेल्या विमानाचा अॅल्युमिनियमचा पत्रा उघडा ठेवावा की रंगवावा?

तुम्ही लिहिलंय, आरव्ही-७ चे (किटमधून घरी बांधायच्या छोट्या विमानाचे) पंख होत आलेत आणि पत्रा तसाच चकचकीत ठेवायचा की रंगवायचा हे ठरत नाहीये. मीही आरव्हीच बांधतोय, फ्लोरिडात, समुद्राच्या जवळ. बाहेरचं सावकाश ठरवा, पण पंख बंद करायच्या आधी आतून प्राइमर मारून घ्याच. एकदा रिव्हेट बसले की तिथे हात पोचत नाही.

तुमचा पत्रा २०२४-टी३ अल्क्लॅड. २०२४ हा अॅल्युमिनियमचा एक मिश्रधातू, त्यात चार टक्क्यांहून थोडं जास्त तांबं असतं. पत्र्याला ताकद त्याने येते आणि तो खराबही त्यानेच होतो. म्हणून दोन्ही अंगांना शुद्ध अॅल्युमिनियमचा पापुद्रा असतो, पितळेच्या पातेल्याला कल्हई असते तसा; अशा पत्र्यालाच अल्क्लॅड म्हणतात. ०.६ मिमीच्या पत्र्यावर तो एका बाजूला जेमतेम ०.०३ मिमी. त्यामुळे ओरखडा दिसला की सँडर लावू नका. तारेची घासणी तर अजिबात नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच खायला सुरुवात होते. खुणा करायलाही पेन्सिल नको, मार्कर घ्या. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट तेच करतं.

माझी चूक सांगतो. पत्र्यावरची निळी प्लास्टिकची फिल्म ओरखडे पडू नयेत म्हणून मी दोन उन्हाळे तशीच ठेवली. काढली तेव्हा कडेने केसासारख्या नागमोडी पांढुरक्या रेषा होत्या, नखाला लागत होत्या. फिल्मखाली ओल धरली होती. तो पत्रा मला बदलावा लागला. तुमची अजून असेल तर आजच काढा.

प्राइमरआधी तेलकटपणा काढून मरून स्कॉच-ब्राइटने (नायलॉनच्या घासणीने) हलक्या हाताने घासा आणि पाणी ओतून बघा. पाण्याचा अखंड पडदा राहिला तर पत्रा स्वच्छ; थेंब गोळा झाले तर पुन्हा पुसा. मग उघड्या हाताने शिवायचं नाही. अॅलोडाइन (पत्रा गंजू नये आणि प्राइमर नीट धरावा म्हणून लावायचं क्रोमियमचं द्रावण) केलंत तर फिकट सोनेरी छटा येईल. द्रावण पत्र्यावर वाळू न देता धुवायचं. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक असतं, म्हणून हातमोजे घाला, पाणी मोरीत ओतू नका आणि द्रावण लागलेली फडकी ओली करूनच टाका, वाळली की पेट घेऊ शकतात. त्यावर इपॉक्सी प्राइमर.

बाहेरून पॉलिशच हवं असेल तर अल्क्लॅडला आरशासारखी झळाळी येते आणि रंगाचं वजनही वाचतं. अमेरिकन एअरलाइन्सची विमानं कितीतरी वर्षं अशीच उडाली. पण पॉलिश करताना कापड काळंकुट्ट होतं, ते अॅल्युमिनियमच निघत असतं. म्हणजे दर खेपेला पापुद्रा थोडा झिजतो, आणि खाऱ्या हवेत खेपा वाढतात. मी म्हणूनच रंगवणार आहे.

तुमचं विमान हँगरमध्ये राहणार की उघड्यावर, आणि समुद्र किती लांब आहे, ते कळवा. कोरड्या हवेत, छपराखाली असेल तर मी तुम्हाला पॉलिशच करा म्हणेन.