वाचक विचारतात : एका काठीचं गोल्फ

गेल्या अंकात ‘ओई! तोंबो’ या जपानी मंगाची, म्हणजे चित्रमालिकेची ओळख छापली होती. कथानक कावासाकी केन यांचं, चित्रं फुरुसावा यू यांची. 2014 मध्ये ती एका जपानी गोल्फ साप्ताहिकात सुरू झाली, 2024 मध्ये तिच्यावर ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका आली. दक्षिण जपानच्या तोकारा बेटांत कल्पिलेलं एक बेट, गावकऱ्यांनीच केलेलं तीन भोकांचं मैदान आणि 3 नंबरच्या एकाच लोखंडी काठीने खेळणारी तोंबो नावाची शाळकरी पोर. तिचा खेळ पाहून बेटावर आलेला एक माजी व्यावसायिक खेळाडू चाट पडतो. एवढं ठाऊक असलं की खालची पत्रं समजतील. (तोंबो म्हणजे चतुर. पावसाळ्यात पोरं ज्याच्या शेपटीला दोरा बांधतात, तोच.)

एकाच काठीने उंच, बुटका, वाळूतला असे सगळे फटके बसतात, हे खरं की चित्रातलीच करामत? मोठे खेळाडू तर झोळीभर काठ्या घेऊन फिरतात.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

बहुतांशी खरं आहे. नियमाने झोळीत जास्तीत जास्त 14 काठ्या चालतात, कमी किती याला बंधन नाही. लोखंडी काठ्यांचा नंबर वाढतो तसा पात्याचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकाचा, उतार वाढतो. 3 नंबरचं पातं साधारण 20 अंश मागे कललेलं असतं, 9 नंबरचं 40 च्या पुढे, वाळूसाठीची काठी 54 ते 56 अंशांची. उतार जास्त तर चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. इतरांनी काठी बदलून जे साधायचं, ते तोंबो पातं फिरवून साधते.

उंच फटक्यासाठी पातं उजवीकडे उघडायचं. इथेच बरेच लोक फसतात. ते आधी मूठ धरतात आणि मग मनगट पिळतात. चेंडूवर येताना मनगट आपसूक जागेवर येतं, पातं मिटतं, आणि चेंडू सरपटत डावीकडे पळतो. क्रम उलटा हवा : आधी पातं उघडायचं, मग त्याच स्थितीत मूठ बांधायची. उघडलेलं पातं उजवीकडे बघतं, म्हणून पाय आणि खांदे तेवढेच डावीकडे वळवायचे. चेंडू डाव्या टाचेसमोर.

वाऱ्याखालून न्यायचा बुटका फटका याच्या उलट. चेंडू उजव्या पायाकडे सरकवायचा, हात चेंडूच्या पुढे ठेवायचे, फटक्यानंतर काठी खांद्यावर न जाऊ देता कमरेशी थांबवायची. हात पुढे गेले की 20 अंशांचा उतार आणखी कमी होतो.

वाळू मात्र अवघड. 3 नंबरची खालची कड पातळ असते, ती वाळूत खुरप्यासारखी रुतते. पातं पार उघडून जवळजवळ आडवं केलं, की कडेऐवजी काठीचा तळ वाळूवर घसरतो. चेंडूच्या दीडदोन इंच मागे वाळूला मारायचं. चेंडू वाळूसोबत बाहेर येतो, पण खास वाळूच्या काठीइतका उंच जात नाही आणि पडल्यावर लांब घरंगळतो.

याला खरा दाखलाही आहे. स्पेनचा गोल्फपटू सेव्हे बालेस्तेरोस लहानपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर 3 नंबरच्या एका काठीवरच शिकला. पुढे त्याने गोल्फच्या मोठ्या स्पर्धांपैकी ब्रिटिश ओपन तीनदा (1979, 1984, 1988) आणि मास्टर्स दोनदा (1980, 1983) जिंकली. शिवाय ही मालिका ज्या साप्ताहिकात येते, ते विकत घेणारे स्वतः गोल्फ खेळतात. त्यांच्यापुढे चित्रकाराला थापा मारून चालत नाही.

मोबाईलवर वाचताना संवाद उलटसुलट लागतात. आधी उत्तर, मग प्रश्न!
— इयत्ता आठवी, ता. मेहकर, जि. बुलढाणा

तू डावीकडून वाचतो आहेस. मंगाचं पान वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू होतं, डावीकडे जातं, मग खालची ओळ. एका चौकटीतले संवादांचे फुगेही उजवीकडूनच. आणि जोडपानात उजवं पान आधी. एक खूण लक्षात ठेव : पान उलटताना बोट डावीकडून उजवीकडे सरकलं पाहिजे.

मला स्विंगची, म्हणजे काठी फिरवून मारलेल्या फटक्याची चित्रं काढायची आहेत. माझा खेळाडू चेंडू मारतो आहे की झाडतो आहे, तेच कळत नाही. कागद आणि पेन कोणतं घेऊ?
— इयत्ता दहावी, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

तुझं पाठवलेलं चित्र पाहिलं. चूक एकाच जागी आहे. चेंडूला काठी लागते त्या क्षणी तू दोन्ही हात चेंडूच्या मागे दाखवलेस, म्हणून तो झाडू मारतोय असं वाटतं. लोखंडी काठीच्या फटक्यात त्या क्षणी मुठी चेंडूच्या थोड्या पुढे असतात, डावा हात जवळजवळ सरळ, काठी किंचित पुढे झुकलेली. कंबर लक्ष्याकडे वळायला लागलेली असते, खांदे अजून मागे असतात, उजवी टाच नुकती उचललेली. डोकं मात्र चेंडू होता तिथेच. आणि मातीचं ढेकूळ उडतं ते चेंडूच्या पुढच्या बाजूने, मागून नाही. काठी खाली येता येता आधी चेंडूला लागते, मग जमिनीला. ढेकूळ मागून उडालेलं दाखवलंस, तर जाणकार वाचक म्हणेल, फटका फसला.

एकाच चौकटीत सगळं कोंबू नकोस. तीन चौकटी कर : काठी वर थांबलेली, शांत, मग फक्त पातं आणि चेंडू, अगदी जवळून, मग रुंद चौकट, तिच्यात आभाळ आणि ठिपक्याएवढा चेंडू. वेगाच्या रेषा मधल्या चौकटीतच, त्याही चेंडूकडून मागे निमुळत्या होत जाणाऱ्या. तिन्हींत रेषा भरल्या की वेग उरत नाही, नुसता पाऊस दिसतो.

जपानमध्ये कागदावर काढणारे चित्रकार बी-4 कागद घेतात, 257 बाय 364 मिलिमीटर. आतली चौकट 180 बाय 270, छापताना चित्र लहान होतं. तुला ए-4 पुरे. बुडवून लिहायचा टाक आणि काळी शाई मिळाली तर रेषा दाबानुसार जाड-बारीक होते. नाही तर जाड आणि बारीक असे दोन काळे पेन घे. वहीचा कागद शाई पितो, ड्रॉइंगचा घे.

बाभळीच्या वाकड्या फांदीची काठी केली, पण चेंडू उडतच नाही. विटी तर मस्त उडते.
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

विटीचं टोक निमुळतं असतं. त्यावर टोला बसला की ती स्वतःच उसळते, दांडूला उतार लागत नाही. चेंडू गोल, त्याला उचलायचं काम पात्यालाच करावं लागतं. तुमच्या काठीचं तोंड बहुधा उभं सपाट आहे. दीड इंच उंचीचं तोंड असेल तर वरची कड खालच्या कडेपेक्षा अर्धा इंच मागे जाईल इतकं वासल्याने तासा आणि रंध्याने साफ करा. हा झाला साधारण 20 अंशांचा उतार. वरची कड दीड इंच मागे घेतली तर 45 अंश होतात, पण लाकूड फार जातं आणि कड उडते.

फांदी नैसर्गिक वाकाचीच निवडलीत, हे बरं केलंत. लाकडाच्या शिरा वाकासोबत वळतात, म्हणून ती टिकते. सरळ दांड्याला खिळ्याने ठोकळा ठोकला तर पहिल्या आठवड्यात खिळ्यापाशी चिरतो. ओली फांदी उन्हात वाळवू नका, तडकते. सावलीत महिनाभर ठेवा. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, नाहीतर घामाने काठी सुटून कोणाच्या तरी डोक्यात जाईल.

काठी नीट झाल्यावरही चेंडू सरपटला, तर तुम्ही त्याला खालून उचलायला बघताय. वजन डाव्या पायावर घ्या आणि खाली मारा. उचलायचं काम उतार करतो. घाई होत असेल तर चिबा तेत्सुया यांच्या ‘आशिता तेन्की नी नारे’ या जुन्या गोल्फ मंगातली युक्ती वापरा. त्यातला नायक ‘चा… शू… मेन’ म्हणत मारतो : चा ला काठी मागे, शू ला वर, मेन ला फटका. चाशूमेन म्हणजे डुकराच्या मांसाचे काप घातलेल्या शेवया. आपल्याकडे ‘झुण… का… भाकर’ चालेल, पण ‘का’ खरंच लांबवायचा.

आमच्या पडीत वावरात तोंबोसारखी तीन भोकं करायची आहेत. माप काय? काळी माती आहे.
— वाचक मित्रमंडळ, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

नियमातलं भोक 108 मिलिमीटर रुंद, म्हणजे सव्वाचार इंच, आणि निदान चार इंच खोल. ते 42.67 मिलिमीटरच्या गोल्फ चेंडूसाठी. तो चेंडू तुम्ही वापरूच नका, दगडासारखा टणक असतो आणि वावराशेजारून रस्ता जातो. टेनिसचा चेंडू घ्या. तो साडेसहा सेंटिमीटरच्या वर असतो, म्हणून भोक सहा इंचांचं ठेवा. सब्बलीने खणून कड खुरप्याने तासा. कड ढासळू नये म्हणून आत पाइपाचा तुकडा बसवलात तर त्याचं तोंड जमिनीच्या इंचभर खाली राहू द्या, नाहीतर चेंडू पाइपावर आपटून बाहेर उडतो.

भोकाभोवती सहा-सात पावलांचं वर्तुळ करा. गवत लावायच्या फंदात पडू नका, पाण्याची सोय नसताना ते जगत नाही. धसकटं उपटा, माती ओलसर असताना चोपा, वर चाळलेली बारीक रेती पातळ पसरा आणि पोतं ओढून सारखी करा. कोरड्या मुलखात असे रेतीचे ‘ब्राउन’ करायची जुनी पद्धत आहे. त्यात तेल मिसळतात, पण वावरात जळकं ऑइल ओतू नका, माती खराब होते. टेनिसच्या चेंडूला 40, 60 आणि 90 पावलांची अंतरं पुरतात. निशाणाला बांबूची काडी आणि लाल चिंधी.

खरी अडचण एप्रिल-मे मध्ये येईल. काळ्या मातीला हातभर भेगा पडतात आणि चेंडू त्यात गडप होतो. मुरमाड तुकडा असेल तर भोकं तिकडेच करा. नसेल तर आपला स्थानिक नियम आधीच ठरवून टाका, गोल्फमध्ये तशी मुभा आहे : भेगेत गेलेला चेंडू दंडाशिवाय बाहेर काढायचा, भोकाच्या जवळ न सरकता काठीभर अंतरात, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. सापडलाच नाही तर 3 मिनिटं शोधायचं. त्यानंतर तो हरवला असं धरून एक फटका दंड, आणि आधी जिथून मारला होता तिथूनच पुन्हा.