तुझ्या स्लाइड्स बघितल्या, आता थोडी काटछाट

अगं, एआय आर्टवरच्या तुझ्या लेक्चरच्या स्लाइड्स सगळ्या बघितल्या. मेहनत दिसते, वाद नाही, पण सुरुवातीचा तो "मशीनने काढलेलं चित्र म्हणजे कला का" हा भाग सरळ उडव. त्याने हॉलमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात आणि तू तासभर नुसती भांडणं सोडवत बसशील. २०१८ च्या क्रिस्टीजच्या लिलावातलं ते एआयने काढलेलं बेलामीचं पोर्ट्रेट, ४,३२,५०० डॉलर वगैरे, एका वाक्यात उरक, कारण आकडा ऐकला की लोक तोंडात बोटं घालतात आणि मग पुढचं काही डोक्यात शिरत नाही.

तुझं खरं मटेरियल नवव्या स्लाइडवर आहे आणि तिथे तू दोनच ओळी लिहिल्यास! कलाकार अ‍ॅना रिडलर. एआय मॉडेलला शिकवायला बाईंनी नेदरलँड्समध्ये ट्युलिपचे दहा हजार फोटो स्वतः काढले आणि प्रत्येकाचं लेबल हाताने लिहिलं. आता विचार कर, एखादं फूल पांढरं म्हणायचं की फिकट गुलाबी, हे दरवेळी कुणीतरी ठरवायचं असतं ना, आणि मॉडेल शिकतं ते हे ठरवलेलंच. तू काय कर, एकच फोटो स्क्रीनवर लाव आणि समोरच्यांना लेबल लिहायला सांग, मग चारपाच जणांची वाचून दाखव. जे काय निघेल त्यावर अर्धा तास आरामात बोलता येईल बघ.

तिथून मग इमेजनेट, म्हणजे एआयला चित्रं ओळखायला शिकवणारा लेबल लावलेल्या फोटोंचा तो प्रचंड साठा. फुलाच्या रंगाचं ठीक आहे, पण तिथे माणसांच्या फोटोंनाही लेबलं होती, काही तर चक्क अपमानास्पद. २०१९ मध्ये संशोधक केट क्रॉफर्ड आणि कलाकार ट्रेव्हर पॅग्लेन यांनी ते लोकांना त्यांच्याच सेल्फीवर दाखवलं तेव्हा बोंबाबोंब झाली आणि माणसांचे सुमारे सहा लाख फोटो त्यातून काढून टाकायचं ठरलं. ही लेबलं लावली कोणी, तर ऑनलाइन तुकड्या तुकड्याने पैसे मिळणाऱ्या लोकांनी. आणि हे आपल्या विषयाला, डिजिटल ह्युमॅनिटीजला, म्हणजे कॉम्प्युटर वापरून साहित्य-इतिहास अभ्यासण्याला, नवीन आहे का? फादर बुसा या पाद्र्यांनी १९४९ पासून आयबीएमच्या मदतीने थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या लेखनाची शब्दसूची केली, तीच डिजिटल ह्युमॅनिटीजची सुरुवात म्हणून सगळे सांगतात, पण त्यासाठी मशीनला वाचता येणारी भोकांची पंच कार्डं पाडणाऱ्या बहुतेक सगळ्या तरुण मुली होत्या आणि त्यांची नावं कितीतरी वर्षं कोणी विचारलीच नाहीत. हे दोन्ही शेजारी शेजारी ठेव, जास्त भाष्य करू नकोस, कळतं लोकांना.

बाकी "एआय आर्ट २०२२ ला सुरू झालं" ती ओळ आधी काढ बाई, चित्रकार हॅरल्ड कोहेन सत्तरच्या दशकातच आरॉन या आपल्या प्रोग्रॅमकडून चित्रं काढून घेत होता, तेही डेटासेटशिवाय, स्वतः लिहिलेल्या नियमांवर. कोणीतरी म्हातारा प्रोफेसर हे नक्की विचारणार.

आणि फॉन्ट वाढव, मागच्या रांगेला काही दिसत नाही. नवीन व्हर्जन झालं की पाठव.