साठ जणांचे स्कॅन आणि दुसऱ्या पदवीचा विचार

प्रश्न : मी मानसशास्त्रात एमए केलं आहे. एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून साठ जणांचे मेंदूचे एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो ते दाखवणारे) स्कॅन एसपीएम या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक करून उघडते, रोज तीच बटणं दाबते. सोबतचे इंजिनिअर स्क्रिप्ट, म्हणजे हेच काम आपोआप करून घेणारा कोड, लिहितात. मला कोडिंग येत नाही, आणि स्क्रिप्ट मध्येच अडली तर काय, ही भीती वाटते. कॉम्प्युटरची पदवी घेऊ का?

उत्तर : एवढ्यासाठी पदवी नको. तीन वर्षं घालवून जे शिकशील, त्यातलं या कामाला फार थोडं लागतं.

सुरुवात एसपीएमच्या बॅच एडिटरपासूनच कर, म्हणजे कामाचे टप्पे ओळीने लावायच्या खिडकीपासून. एका व्यक्तीसाठी रीअलाइनमेंट (डोकं हललं त्याची दुरुस्ती), नॉर्मलायझेशन (सगळे मेंदू एका साच्यात बसवणं), स्मूदिंग (चित्र थोडं धूसर करणं) हे टप्पे जोड, पण स्कॅनच्या फायलींची जागा मुद्दाम रिकामी ठेव. मग फाइल मेनूतून ‘सेव्ह बॅच अँड स्क्रिप्ट’ निवड. दोन फायली आयत्या मिळतात : एकीत तू माऊसने केलेल्या सगळ्या निवडी, अगदी स्मूदिंगच्या ८ मिलिमीटरसकट, दुसरीत त्या चालवणारी स्क्रिप्ट, एसपीएम ज्यावर चालतं त्या मॅटलॅबच्या भाषेत. रिकाम्या जागी एकामागून एक प्रत्येकाच्या फायली भरणारं ‘फॉर लूप’, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणाऱ्या ओळी, तेवढं तू लिहायचं. त्याआधी फोल्डरांची नावं सुधार. १, २, १० अशी नावं असली की क्रम १, १०, २ असा लागतो आणि वयांच्या यादीशी जोडताना एकाचा स्कॅन दुसऱ्याच्या वयापुढे जाऊन बसतो. ०१, ०२ असं लिही. २०१६ पासून रुळलेली ‘बिड्स’ ही फायली आणि फोल्डरांची मांडणी शिकलीस तर उत्तमच. स्कॅनची पूर्वतयारी आपोआप करणारी एफएमआरआयप्रेपसारखी साधनं तीच मागतात.

आता तुझ्या भीतीबद्दल. स्क्रिप्ट अडली तर बरं, निदान कळतं. न अडता चुकीचं उत्तर देते तेव्हा खरी पंचाईत. एफएसएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कवटी वेगळी काढणाऱ्या ‘बेट’ या साधनाचा उंबरठा, म्हणजे किती कापायचं ते ठरवणारा आकडा, मुळात ०.५ असतो. काही स्कॅनमध्ये तो कवटीबरोबर मेंदूची कडही खातो. आकडा कमी केला की कड वाचते. संगणक मात्र दोन्ही वेळा काम झालं म्हणूनच सांगतो. कड गेली हे प्रतिमा बघूनच कळतं, आणि तुझी नजर इतके स्कॅन हाताळून तयार झालेली आहे. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर एक चित्र साठवणारी ओळ स्क्रिप्टमध्ये घाल आणि साठही चित्रं स्वतः बघ. कंटाळवाणं आहे, पण टाळू नकोस.

मॅटलॅबला परवान्याचे पैसे पडतात, म्हणून पुढे बॅश आणि पायथन या मोफत भाषांकडे वळ. सरावाला ओपनन्यूरो या संकेतस्थळावरचा खुला डेटा घे. स्वतःची स्क्रिप्ट गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ठेव, पीएचडीच्या मुलाखतीत दाखवता येईल. प्रयोगशाळेचे स्कॅन मात्र चुकूनही चढवू नकोस. एमआरआयवरून माणसाचा चेहरा उभा करता येतो.

नवी विश्लेषण पद्धतच घडवावी असं वाटू लागलं, तर पदवीचा विषय पुन्हा काढू. तेव्हाही मी कॉम्प्युटरआधी संख्याशास्त्र सुचवेन. तूर्त स्क्रिप्ट तीनच जणांवर चालव, हाताने काढलेल्या निकालाशी आकडे ताडून बघ, आणि जुळले तरच उरलेल्यांवर सोड.