सातबारा 'क्लास'मध्ये बसवताना: वाचकांचे प्रश्न

जमीन-नोंदींची प्रणाली जावा या संगणक भाषेत नव्याने बांधतोय. 'सातबारा' हा क्लास (म्हणजे कोडमधला साचा) आणि त्याखाली 'वर्ग १' (मुक्तपणे विकता येणारी जमीन), 'वर्ग २' (विकायला सरकारी परवानगी लागणारी) हे उपक्लास. ठीक आहे का?

नाही. सातबारा हा छापून द्यायचा उतारा आहे. नमुना ७ मधले हक्क फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, बदलतात, नमुना १२ मधली पिकं हंगामाने. दोन्ही एकत्र कोंबलंत तर पीक पाहणीतल्या किरकोळ बदलासाठीही हक्कांच्या कोडला हात लावावा लागेल. भूखंड, खातेदार, हक्क, पीकनोंद वेगळे ठेवा आणि सातबारा त्यांच्यावरून काढा.

उपक्लासचं दुखणं याहून मोठं. भोगवटादार वर्ग २ ची जमीन नियमांप्रमाणे रक्कम भरून वर्ग १ होऊ शकते. जावात मात्र एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा (साच्यातून बनलेल्या प्रत्यक्ष नोंदीचा) क्लास बदलत नाही. मग जुना ऑब्जेक्ट काढून नवा बनवला जातो आणि जमिनीचा इतिहास तिथेच तुटतो. भूधारणा (जमीन वर्ग १ की २, ते) हा तारखेसह भूखंडाला जोडलेला स्वतंत्र ऑब्जेक्ट करा. विक्रीला परवानगी लागते का, हे त्यालाच विचारायचं.

फेरफार मंजूर झाला की खातेदाराचं नाव बदलून टाकतो. त्यात काय चूक?

कागदावरचा सातबारा बघा. जुनं नाव पुसलं जात नाही, कंसात जातं आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. तुमचा कोड त्याहून विसराळू कशाला? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० मध्ये नोंद, नोटीस, हरकत, प्रमाणीकरण असा क्रम आहे. तो फेरफाराच्या ऑब्जेक्टमध्येच बांधा. हरकतीची मुदत संपण्याआधी प्रमाणित करायला सांगितलं तर त्याने साफ नकार द्यावा. स्क्रीनवरचं बटण झाकून भागत नाही. दुसऱ्या प्रणालीतून येणाऱ्या नोंदीला बटण दिसतच नाही.

कोबोल या जुन्या संगणक भाषेतली प्रणाली एकाच दिवशी बंद करून नवी सुरू करा, असा वरिष्ठांचा आग्रह आहे.

त्यांना अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेची गोष्ट सांगा. तपासाच्या फायलींसाठीची 'व्हर्च्युअल केस फाइल' जुन्या प्रणालीच्या जागी एका झटक्यात आणायची होती. मागण्या बदलत राहिल्या आणि सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये ती गुंडाळावी लागली. पुढची 'सेंटिनेल' २०१२ मध्ये पूर्ण झाली, तीही २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःच्या हातात घेऊन छोट्या टप्प्यांत केल्यावर. कोबोल चालू राहू द्या, त्याच्या पुढ्यात नवा थर ठेवा आणि एकेक काम तिकडे वळवा. पहिलं काम फक्त वाचण्याचं निवडा, लिहिण्याचं नको.

'नागरिक' हा एकच क्लास सगळ्या खात्यांना वापरता येईल का?

मोह आवरा. पुरवठा खात्याला कुटुंब लागतं, महसूलला खातेदार; आणि खातेदार देवस्थान असू शकतो, संस्था असू शकते, 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) लावलेलं अज्ञान मूल किंवा 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर)ही असू शकतो. पत्ता, रक्कम, तारीख, गावाचा संकेतांक एवढं खुशाल सामायिक करा. गावाच्या संकेतांकापासून सुरुवात केलीत तर उत्तम, खात्या-खात्यांत सगळ्यात जास्त मारामाऱ्या त्यावरूनच होतात.