परदेशातल्या बालवाडीत वर्षभर काम करायचं आणि राहायचं तिथल्याच एका कुटुंबात, हे जमतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमची जर्मन भाषेची बी-वन, म्हणजे मधली पातळी झाली आहे, जर्मनीतल्या बालवाडीत एक वर्ष काम करायची संधी आली आहे, पण आपलं जर्मन मुलांना कळेल का आणि अनोळखी लोकांच्या घरात अवघडल्यासारखं होईल का, ही धास्ती आहे. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत होते, तेव्हा मध्येच एक वर्ष काढून थुरिंगिया राज्यातल्या येना शहरात हेच केलं. जमतं. पण मला जे कुणी आधी सांगितलं नव्हतं, ते तुम्हाला सांगते.

'शिकवायला जातेय' हा शब्द आधी डोक्यातून काढा. मी बॅगेत अक्षरांची कार्डं आणि अंकांचा तक्ता घेऊन गेले होते. दोन्ही वर्षभर कपाटात राहिले. जर्मनीत शाळा साधारण सहाव्या वर्षी सुरू होते आणि त्याआधी मुलांकडून अक्षरं गिरवून घेत नाहीत. मुलं खेळतात, ठोकळे रचतात, भाजी चिरतात, भांडतात, चिखलात लोळतात. पाऊस आला म्हणून आत बसायचं नाही, 'माचहोजे' म्हणजे चिखलात खेळायची रबरी विजार चढवायची आणि अंगणात पळायचं. शिवाय आपण जातो ते 'स्वयंसेवी सामाजिक वर्षा'साठी, म्हणजे पगाराशिवाय वर्षभर समाजोपयोगी काम करायच्या तिथल्या योजनेत. त्यासाठी गेलेली मुलगी तिथं शिक्षिका नसते, शिक्षिकेच्या हाताखालची मदतनीस असते.

ऑक्टोबरमधली एक सकाळ सांगते. पाऊस भुरभुरत होता, सगळे बाहेर निघाले होते. साडेतीन वर्षांचा एक मुलगा बाकावर बसून जॅकेटच्या चेनशी झटत होता. चेनचं खालचं टोक खोबणीत जाईना. जीभ बाहेर, कपाळाला आठ्या. मी आपल्या सवयीनं गुडघे टेकले, टोक अडकवलं आणि गळ्यापर्यंत सर्रकन चेन ओढून दिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ओठ थरथरले आणि भोकाड पसरलं. चेन खाली ओढली, जॅकेट काढून फरशीवर टाकलं, उचललं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेजारी बसलेली अनुभवी शिक्षिका हळूच म्हणाली, "मदत हवीय का, हे विचारलंस त्याला?" नव्हतं विचारलं. मग आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो. बाकीची मुलं कधीच बाहेर गेली होती. खूप वेळानं 'टक' असा आवाज आला, आणि तो एकही शब्द न बोलता धूम पळाला.

त्या वर्षात मी जे काही शिकले, ते सगळं त्या एका प्रश्नाभोवती आहे. तिथं कुणी कुणाच्या मनातलं ओळखून करत नाही. विचारतात, आणि समोरच्यानं सांगितलेलं खरं धरतात. मुलांना तर हे रोज शिकवतात. कुणी ढकललं किंवा केस ओढले की हात पुढे धरून मोठ्यानं "श्टॉप! मला हे आवडत नाही" म्हणायचं. तसं म्हटलं की समोरच्यानं थांबायचंच, मग तो मोठा माणूस का असेना. मी एकीला लाडानं गालगुच्चा घेतला, तर चार वर्षांच्या त्या पोरीनं हात पुढे केला आणि मला थांबवलं. सॉरी म्हणाले. ती लगेच माझ्या मांडीवर येऊन बसली, कारण हिशोब संपला होता. मुलांना अहिंसक संगोपनाचा हक्क आहे, असं त्यांच्या कायद्यात 2000 सालापासून लिहिलेलं आहे. तो हक्क रोजच्या वागण्यात कसा दिसतो, ते मला त्या पुढे आलेल्या तळहातात दिसलं.

आता घराचं. मला मिळालेलं कुटुंब चांगलं होतं, दोन मुलं, आजी वरच्या मजल्यावर. तरी पहिले पंधरा दिवस मी रात्री अर्धपोटी झोपत होते. संध्याकाळी साडेसहाला थंड जेवण असतं, ब्रेड, चीज, काकडी, उकडलेलं अंडं. घरमालकीण विचारायची, "अजून घेणार?" मी म्हणायचे, "नको." आपल्याकडे पहिलं 'नको' हे तोंडदेखलं असतं, पुढं आग्रह होणार हे दोघांनाही माहीत असतं. ती मात्र टोपली उचलून ठेवायची. माझ्या मनात यायचं, ही किती कोरडी बाई. तिला वाटायचं, ही मुलगी फार कमी खाते. शेवटी एका रविवारी मी तिला आग्रह म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती मनापासून चकित झाली, कारण तिच्या दृष्टीनं 'नको' म्हटल्यावर पुन्हा विचारणं हा उद्धटपणा होता. त्यानंतर टोपली हातात धरून ती विचारायची, "हे मराठी नको आहे की जर्मन?" वर्षभर त्या घरात हा प्रश्न चालला, पाहुण्यांनासुद्धा.

दुसरी गोष्ट थोडी कडवट आहे, पण मुलींना सांगायलाच हवी. हळूहळू संध्याकाळी त्यांची मुलं सांभाळणं माझ्याकडे आलं. आधी आठवड्यातून एकदा, मग तीनदा. बालवाडीत आठवड्याला जवळपास चाळीस तास काढून आल्यावर अंगात त्राण नसायचं. पण 'आपण त्यांच्या घरात राहतोय, नाही कसं म्हणायचं' म्हणून मी दरवेळी हो म्हणत गेले आणि रात्री आईला फोन करून रडत होते. इथं एक फरक नीट लक्षात ठेवा. ओ-पेअर म्हणून गेलात तर घरातली मुलं सांभाळणं हेच काम असतं आणि त्याला आठवड्याला तीस तासांची मर्यादा असते. स्वयंसेवी वर्षात तुमचं काम बालवाडीत असतं. घरात तुम्ही घरच्यासारख्या, म्हणजे ताटं उचलणं, कचरा वेगवेगळा करणं, आपली खोली झाडणं इतकंच. मी पाठवणाऱ्या संस्थेतल्या संपर्क व्यक्तीशी बोलले. तिनं आम्हाला तिघांना एका टेबलाशी बसवलं. घरमालक म्हणाले, "तू दरवेळी हो म्हणालीस, आम्हाला वाटलं तुला आवडतं." ते खरं बोलत होते. सोमवारची संध्याकाळ माझी, बाकी नाही, असं ठरलं, आणि त्यानंतर आमच्यात पुन्हा कधी ताण आला नाही.

भाषेची भीती मात्र सोडून द्या. तीन-चार वर्षांची मुलं हीच सगळ्यात चांगली शिक्षक. शब्दांची लिंगं चुकली की ती तिथल्या तिथे दुरुस्त करतात, आणि त्यात हिणवणं नसतं. एकच चित्रांचं पुस्तक सलग आठ दिवस वाचायला लावतात. वर्गात न शिकलेले शब्द, शू लागली, ढोपर खरचटलं, शेंबूड आलाय, आता माझा नंबर, हे आधी पाठ करून जा. पहिल्या दिवशी तेच लागतात. आणि तिथं बाई किंवा टीचर कुणी म्हणणार नाही, मुलं नावानं आणि एकेरीत हाक मारतात. तुम्हीही घरातल्या मोठ्यांना नावानंच हाक मारायची. माझ्या तोंडात काका-काकू यायचं, ते गिळायला दोन महिने लागले.

एक सहल जरूर करा. येनापासून बाड ब्लांकेनबुर्ग हे गाव जवळ आहे. फ्रीडरिश फ्र्योबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञानं 1837 साली तिथं लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं.  तिथल्या संग्रहालयात त्याचे लाकडी ठोकळे आणि लोकरीचे चेंडू पाहताना मला आपल्याकडे बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या, आणि वाईट वाटलं, कारण त्यांच्याविषयी मला परीक्षेपुरतंच माहीत होतं. परत आल्यावर मी वाचलं. 1945 मध्ये बोर्डीला आणि मग 1957 पासून कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी जे केलं, त्यात कुरणशाळाही होती. मुलं गुरं चारायला जातात ना, मग शाळाच कुरणात न्यायची. आमच्या बालवाडीत दर गुरुवारी मुलांना जंगलात नेत, काठ्या, पानं, गोगलगायी हेच साहित्य. जायच्या आधी या दोघींविषयी वाचून जा. तिथले सहकारी तुम्हाला विचारतील, तुमच्याकडे लहान मुलांना कसं शिकवतात.

आपलं काही न्यायचं असेल तर भोंडला न्या. मी हस्तात फळ्यावर हत्ती काढला, मुलांनी भोवती फेर धरला. गोल करून बसणं-गाणं त्यांना रोजचंच, त्यामुळे काही समजावावं लागलं नाही. खिरापत ओळखायचा खेळ तर इतका आवडला की डबा झाकलेला दिसला की पोरं ओरडायची, "मी ओळखतो!" मी शिरा केला होता. काजू-बदाम घातले नाहीत, कारण ॲलर्जीची फार काळजी घेतात. खाऊ नेताना आत काय काय आहे ते लिहून द्यावं लागतं. आणि मुलांचे फोटो आई-वडिलांच्या परवानगीशिवाय अजिबात काढायचे नाहीत, घरी पाठवायला म्हणूनही नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. पगार नसतो, हातखर्च मिळतो. विमा असतो. वर्षभरात पंचवीस दिवसांची प्रशिक्षण शिबिरं सक्तीची, तिथंच बाकीचे स्वयंसेवक भेटतात, ती चुकवू नका. गोवराच्या लसीचं मात्र आजच बघा. 2020 पासून 1970 नंतर जन्मलेल्या कुणालाही दोन डोसांच्या किंवा प्रतिकारशक्तीच्या पुराव्याशिवाय तिथल्या बालवाडीत काम करता येत नाही, आणि आपल्यापैकी कित्येकांना लहानपणी एकच डोस मिळालेला असतो. माझं जुनं लसीकरणाचं कार्ड आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली सापडलं. त्यावर एकच शिक्का होता. दुसरा डोस मी निघायच्या आधी पुण्यात घेतला.