क्विटोमध्ये पहिल्या दिवशी काय पाहावं?

इक्वेडोरच्या राजधानीत सकाळी उतरून हातात एकच दिवस असेल, तर जुन्या शहराबाहेर पडूच नका. क्विटो जवळपास २,८५० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६! क्विटोत पहिल्याच चढावर मला धाप लागली आणि दुपारी डोकं ठणकायला लागलं. म्हणून हळू चाला, पाणी पीत राहा. पिचिंचा डोंगरावर नेणारी केबल कार दोन दिवसांनीच करा, ती तुम्हाला आणखी हजारभर मीटर वर नेते.

सुरुवात प्लाझा ग्रांदे या जुन्या शहरातल्या मुख्य चौकापासून करा. तिथून दोन मिनिटांवर ला कोम्पान्यिया चर्च आहे. १६०५ ते १७६५, म्हणजे तब्बल १६० वर्षं त्याचं काम चाललं. बाहेर करडा दगड. आत पाऊल टाकलं की भिंती, खांब, छत, सगळं सोन्याच्या वर्खाने मढलेलं. मी तासभर नुसता बसून होतो. घाई करू नका इथे.

मग बॅसिलिका, हे दुसरं भव्य चर्च. तिच्या भिंतींतून इग्वाना, कासवं, आर्माडिलो अशा तिथल्याच प्राण्यांची शिल्पं डोकावतात. हे मला फार आवडलं.

चलन अमेरिकी डॉलरच आहे, पण सुट्ट्या नोटा ठेवा. टोपीही हवीच, विषुववृत्ताचं ऊन थंडीतही भाजतं.

जेवायला लोक्रो मागा: बटाट्याचं दाट, गरम सूप, वर चीज आणि अ‍ॅव्होकाडोची फोड. माझं डोकं त्यानंतरच थोडं हलकं झालं.